हळदीच्या वाफेत एजंट विनोद

हळद शिजवायच्या रात्री कुणी झोपत नाही. आमच्या डोंगरकड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, फेब्रुवारी-मार्च लागला की शिवारात जागोजाग कुकर धडधडायला लागतात. कुकर भाड्याचा असतो आणि सकाळी त्याला दुसऱ्या वावरात जायचं असतं, त्यामुळे रात्रीतून सगळा ढीग उरकावा लागतो. ड्रम भरायचा, वाफ सोडायची, कांड्यात काडी आरपार जाते का बघायचं, ओतायचा, पुन्हा भरायचा. दोन ड्रमांच्या मधे जो वेळ मिळतो त्यात चहा, तंबाखू आणि मोबाईल.

गेल्या हंगामात अशाच एका रात्री चुलत्यांनी फर्मान सोडलं, "कायतरी मारधाडीचं लाव, डोळे मिटायलेत." मी शोधत गेलो आणि हाताला लागला १९७७ चा 'एजंट विनोद'. पडद्यावर ओळखीचा असा मोठा हिरो नाही. चित्राचा रंग उडालेला. काका म्हणाले, "हे कुठलं जुनाट काढलास बाबा." मोबाईल पाण्याच्या जारला टेकवून ठेवला, मध्येच बंद करू म्हणून.

बंद झाला नाही. तासाभरात कुकरवाला, त्याचे दोन गडी आणि केळीला पाणी द्यायला निघालेले शेजारचे बापू, सगळे त्या सहा इंची पडद्याभोवती उकिडवे बसले होते. एक ड्रम तर जरा जास्तच शिजला.

तेव्हापासून या जातीच्या चित्रपटांचा मी पिच्छा पुरवला आहे. आपले हिंदी हेरपट, स्वस्तातले, हाणामारीचे, हसवणारे, ज्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती आणि जे चालले. खोदत गेलो तसं जागोजाग मराठी माणूस आणि मराठी गाव सापडत गेलं. त्यातल्या या गमती.

साध्यासरळ घरातला गुप्तहेर

'एजंट विनोद' काढला राजश्रीने. हो, तेच राजश्री! ताराचंद बडजात्या यांनी १५ ऑगस्ट १९४७ ला, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी सुरू केलेली संस्था. 'दोस्ती', 'चितचोर' असे घरातल्या सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून बघायचे चित्रपट काढणारी. १९७७ मध्येच त्यांचा 'दुल्हन वही जो पिया मन भाए' आला. त्याच वर्षी त्याच घरातून पिस्तूलवाला, मुक्केबाज, बायकांच्या गराड्यातला गुप्तहेर बाहेर पडला. दिग्दर्शक दीपक बाहरी, नायक महेंद्र संधू.

वर्षही कसं बघा. 'अमर अकबर अँथनी', 'धरम वीर', 'परवरिश', 'हम किसीसे कम नहीं' हे सगळे १९७७ चे. तिकडे विलायतेत रॉजर मूरचा 'द स्पाय हू लव्ह्ड मी' त्याच वर्षीचा. एवढ्या पैलवानांच्या फडात हा पोरगेला चित्रपट उतरला आणि चांगला चालला. आजही त्याचं नाव घेणारे लोक आहेत, हे तर मी त्या हळदीच्या ढिगाशेजारी स्वतः पाहिलं.

गोष्ट सरळ आहे. एका शास्त्रज्ञाला पळवून नेतात, गुप्तहेर खातं विनोदला पाठवतं, शास्त्रज्ञाची मुलगी "मी पण येणार" म्हणून हटून बसते. मुलगी झाली आहे आशा सचदेव. तिला त्याच वर्षीच्या 'प्रियतमा'साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. अर्शद वारसी हा तिचा सावत्र भाऊ. पुढे सर्किट होऊन अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाची बहीण आधीच एका हेरगिरीच्या गमतीत झळकून गेली होती.

चंदू आला की वाफ विसरायची

या चित्रपटातला खरा मसाला म्हणजे जगदीप. 'शोले'त सूरमा भोपाली होऊन दोन वर्षं झाली होती. इथे तो चंदू आहे आणि स्वतःला जेम्स बाँड म्हणवतो. खरा गुप्तहेर शेजारी उभा, आणि बाँडचा मान मात्र याला हवा. आमच्या काकांना नेमकं हेच भावलं. गावात असा एक तरी माणूस असतोच, ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

त्याच्या जोडीला जयश्री टी. म्हणजे आपली जयश्री तळपदे. नृत्यात तिचा हात धरणारे त्या काळात फार कमी होते. श्रेयस तळपदे हा तिचा भाचा. 'इक्बाल'मध्ये गोलंदाजी टाकणारा आणि 'गोलमाल'मध्ये धमाल उडवणारा श्रेयस ज्या घरातला, त्या घराचा पडद्याशी संबंध असा जुना.

एक मात्र खरं. हेरपटात विनोदी जोडी घालायची ती उगाच नाही. मारामारीला खर्च लागतो. गाडी उलटवायची तर गाडी आणावी लागते, अड्डा उडवायचा तर अड्डा बांधावा लागतो. जगदीपच्या भुवयांना काहीच लागत नाही. कमी पैशातला दिग्दर्शक तिथे जागा शोधतो आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे, पाहुणचार तर मोठा झाला!

यातला राम कोण अन् लक्ष्मण कोण?

टायटल चालू असताना बापूंनी विचारलं होतं. संगीत: रामलक्ष्मण. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो, कारण या सगळ्या गमतीजमतीत माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट हीच आहे.

रामलक्ष्मण ही जोडी होती. राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, आपल्या नागपूरचे. त्यांना चित्रपटात आणलं दादा कोंडक्यांनी. १९७५ चा 'पांडू हवालदार' त्यांचा. दादांनी पहिल्यांदा दिग्दर्शन केलेला हाच चित्रपट, आणि त्यातच अशोक सराफ सखाराम हवालदार झाले. हवालदारांच्या त्या जोडगोळीला संगीत देणारे दोघे थेट राजश्रीच्या गुप्तहेराकडे गेले. मराठी हवालदाराकडून हिंदी एजंटाकडे एकाच उडीत बढती!

आणि तिथेच घात झाला. 'एजंट विनोद' हाती आला तोच सुरेंद्र गेले. १९७६ साल होतं. विजय पाटील एकटे उरले. हिंदीत पहिलंच मोठं काम, स्वतःचं नाव लावायची आयती संधी. त्यांनी नाव बदललं नाही. चित्रपटावर रामलक्ष्मणच लिहिलं. पुढच्या प्रत्येक चित्रपटावर तेच लिहिलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, फक्त नावामागचं माहीत नाही. १९८९ चा 'मैंने प्यार किया' रामलक्ष्मण. त्याला फिल्मफेअर मिळालं. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' रामलक्ष्मण. १९९९ चा 'हम साथ साथ हैं' रामलक्ष्मण. दरवर्षी गणपतीत मंडपात हमखास वाजणारं 'हमसे बढ़कर कौन'मधलं ते देवाचं गाणं, तेही यांचंच, १९८१ चं. आमच्या वारंगा फाट्यावर वरातीत, हॉटेलात, ट्रॅक्टरवर मी ही गाणी हजार वेळा ऐकली असतील, आणि दर वेळी त्यात न उरलेल्या दोस्ताचं नाव पुढे होतं हे मला कळलं नव्हतं. विजय पाटलांना २०१८ चा लता मंगेशकर पुरस्कार राज्य शासनाने दिला. २२ मे २०२१ ला नागपुरात ते गेले.

मी हे बापूंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असा दोस्त पाहिजे."

नाव तेच, पैसा दणकून, आणि तरीही

२३ मार्च २०१२. 'एजंट विनोद' नावाचा दुसरा चित्रपट आला. सैफ अली खान, करीना कपूर, प्रीतमचं संगीत, मोरोक्को, रशिया, लाटविया अशी भटकंती. दिग्दर्शक श्रीराम राघवन, पुण्यात वाढलेला, फर्ग्युसन आणि एफटीआयआयमध्ये शिकलेला. 'जॉनी गद्दार'नंतर त्याच्याकडून लोकांना केवढ्या अपेक्षा होत्या! पाकिस्तानात तर बंदीच आली, त्याने उत्सुकता आणखी वाढली.

चित्रपट लोकांच्या मनात भरला नाही. मला वाईट वाटतं, कारण त्यात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी अख्खा चित्रपट बघावा. लाटवियातल्या हॉटेलात गोळीबार चाललाय, पार्श्वभूमीला संथ प्रेमगीत चालू आहे, एक आंधळी मुलगी पियानो वाजवते आहे आणि कॅमेरा एकदाही न तुटता खोल्याखोल्यांतून फिरत राहतो. असा प्रसंग रचायला दिवसचे दिवस तालीम लागते. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून.

आंधळ्या माणसाचा पियानो या दिग्दर्शकाला सोडत नाही बहुतेक. २०१८ मध्ये त्याने 'अंधाधुन' काढला, पुण्यात घडणारा, नायक पियानोवादक. राधिका आपटे, अश्विनी काळसेकर, छाया कदम अशी आपली माणसं त्यात. तो लोकांनी डोक्यावर घेतला. माझं प्रामाणिक मत असं, की २०१२ च्या विनोदाला १९७७ च्या विनोदासारखं आडबाजूने, बिनबोभाट यायला मिळालं असतं तर लोकांनी त्यालाही जवळ केलं असतं.

गिरगावचा एजंट ११६

आता थोडं मागे. १९६७. चित्रपट 'फर्ज', नायक जितेंद्र.

जितेंद्र म्हणजे रवी कपूर, जन्म अमृतसरचा पण वाढला गिरगावच्या चाळीत. गिरगावातल्या सेंट सेबॅस्टियन गोवन हायस्कूलमध्ये त्याच्याबरोबर शिकत होता राजेश खन्ना. वडिलांचा खोट्या दागिन्यांचा धंदा होता, चित्रपटवाल्यांना ते दागिने पुरवायचे, आणि त्या निमित्ताने पोरगं व्ही. शांताराम यांच्या दारात पोचलं. तिथून 'नवरंग', मग 'सेहरा'. 'सेहरा'त तर त्याने चक्क नायिका संध्याबाईंची बदली म्हणून काम केलं. पुढे ज्याला उड्या मारणारा नट म्हणून देशाने ओळखलं, त्याचा पडद्यावरचा एक ओनामा नायिकेच्या कपड्यात झाला.

शांतारामांनी १९६४ मध्ये 'गीत गाया पत्थरों ने'तून त्याला नायक केलं. तरीही बाजारात त्याचं वजन नव्हतं. 'फर्ज' तर तेलुगूवरून घेतलेला. मूळ चित्रपट 'गुढाचारी ११६', १९६६ चा, नायक कृष्णा. आजच्या पोरांना सांगायचं तर महेश बाबूचे वडील. आणि त्यातली नायिका कोण? जयललिता. पुढे तमिळनाडूच्या मुख्यमंत्री झालेल्या त्याच.

तर अशा उसन्या गोष्टीवर, बाजारात वजन नसलेल्या नटाला घेऊन केलेला 'फर्ज' सुरुवातीला थंडच होता. मग हळूहळू गर्दी वाढत गेली आणि जितेंद्र स्टार झाला. पांढरी पँट, पांढरे बूट ही त्याची ओळख इथूनच. लक्ष्मीकांत-प्यारेलालचं संगीत. आणि आज गावोगाव केक कापताना रफींचं जे वाढदिवसाचं गाणं लावतात ना, ते या हेरपटातलं. आमच्या पुतण्याच्या पहिल्या वाढदिवसाला ते सात वेळा वाजलं. गुप्तहेराने घराघरात शिरावं ते असं.

एक गोपाल, दोन अंगं

'फर्ज'चा दिग्दर्शक रविकांत नगाइच हा मूळचा कॅमेरामन, ट्रिक फोटोग्राफीचा उस्ताद. कॅमेऱ्याच्या करामतीने थोडक्यात मोठं दाखवायची कला त्याच्या बोटांत होती. खेळण्याएवढी गाडी योग्य उंचीवरून टिपली की दरीत कोसळते, हे त्याला पक्कं माहीत.

या माणसाला 'फर्ज'मधला जितेंद्रचा एजंट ११६, म्हणजे गोपाल, इतका आवडला की १९७३ च्या 'कीमत'मध्ये त्याने तो परत आणला. फक्त या वेळी गोपाल झाला धर्मेंद्र! १९८१ च्या 'रक्षा'त गोपाल पुन्हा जितेंद्र. विलायतेत बाँड बदलतो त्याची केवढी चर्चा होते. आपल्याकडे एजंट ११६ ने अंग बदललं आणि पुन्हा जुन्या अंगात आला, कुणी हू की चू केलं नाही.

गनमास्टर आणि टोळधाड

नगाइचचा आणखी एक पराक्रम म्हणजे १९७९ चा 'सुरक्षा'. मिथुन चक्रवर्ती, गनमास्टर जी-९, बप्पी लाहिरींचा ठेका. याच मिथुनला पहिल्याच 'मृगया'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गंभीर नट म्हणून ज्याची नोंद झाली त्याने तीनच वर्षांत हातात पिस्तूल घेतलं आणि गल्लीगल्लीतल्या पोरांचा तो देव झाला. 'डिस्को डान्सर' अजून तीन वर्षं लांब होता.

१९८१ मध्ये गनमास्टर परत आला, 'वारदात'मध्ये. आणि इथे शत्रू काय? टोळ! पिकं फस्त करणारी टोळधाड. हे ऐकून आमच्या शिवारात कुणी हसलं नाही. मे २०२० मध्ये खरोखरची टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरकडे उतरली होती, तेव्हा इकडे आम्हीही डबे आणि पत्रे जमवून ठेवले होते. लंडनच्या बाँडला सोनं, हिरे, उपग्रह यांची काळजी. आपल्या गनमास्टरला पिकांची काळजी. शेतकऱ्याच्या पोटावर उठलेला खलनायक दाखवणारा हेरपट मला तरी दुसरा आठवत नाही.

प्रभातची तुतारी

आता एक धागा, जो मला शोधता शोधता सापडला आणि मी अंथरुणातून उठून बसलो.

शांतारामांनी सोबत्यांबरोबर १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. प्रभात बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे शिकला मिथुन, म्हणजे गनमास्टर जी-९. तिथेच शिकली रेहाना सुलतान, जी १९७७ च्या 'एजंट विनोद'मध्ये आहे. तिथेच शिकला श्रीराम राघवन, ज्याने २०१२ चा 'एजंट विनोद' केला. आणि एजंट ११६ ला, म्हणजे जितेंद्रला, चित्रपटात आणलं खुद्द शांतारामांनी. ज्या आवारात 'संत तुकाराम' घडला त्या आवाराशी आपल्या निम्म्याअधिक गुप्तहेरांची सोयरीक आहे!

तंबूत बाँड

आमच्याकडे चित्रपट बघायचा तर नांदेड गाठायचं. आधीच्या पिढीला तेही शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी जत्रेत तंबू यायचा. ट्रकवर प्रोजेक्टर, गोल डबे, कापडी पडदा, दुपारभर भोंग्यावर पुकारा. काका सांगतात की मधेच रीळ तुटायचं, जोडेपर्यंत लोक पुढचं काय होणार यावर पैजा लावायचे. हेरपट त्यासाठी सगळ्यात चांगला. कुणाच्या सुटकेसमध्ये काय आहे यावर एकदा चार आणे गेले म्हणे काकांचे.

महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा खास गौरव झाला. गंजलेला प्रोजेक्टर, मातीत बसलेली माणसं, चेहऱ्यावर पडलेला निळा उजेड. ते बघताना मला आमचा पाण्याचा जार आणि मोबाईल आठवला. चेहऱ्यावरचा उजेड तोच.

आणि मराठीत?

इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. मराठीत धडधडीत हेरपट फारसा झालाच नाही. जवळ जाणारा म्हणावा तर 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, २०१७ मध्ये अमेय वाघने साकारला. निर्मिती आमच्या मराठवाड्याच्या, लातूरच्या रितेश देशमुखांची. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. याच सरपोतदारांनी २०२४ मध्ये कोकणातल्या भुताचा 'मुंज्या' हिंदीत केला. मोठे तारे नसताना तो शंभर कोटींच्या पुढे गेला. म्हणजे अंगात कसब आहे. प्रश्न फक्त विषयाचा.

आणि विषय? शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक, त्यांची समाधी बाणूरगडावर आहे, त्यांच्या सोंगांवर एक सोडून दहा चित्रपट निघतील. आमच्या मराठवाड्याचं बघा. निजामाच्या राज्यात, हैदराबाद मुक्तिसंग्रामात, ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली. दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तोच दिवस. सरहद्दीवरचे तळ, वेश बदलून केलेले प्रवास, निरोप्ये, रझाकारांचे पहारे, सगळं तयार आहे. त्यात एखादा चंदूही नक्की असणार, स्वतःला लई हुशार समजणारा. आमच्या पंचक्रोशीत त्या दिवसांच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं आता बोटावर मोजण्याएवढी उरली आहेत. कुणीतरी वही-पेन घेऊन त्यांच्या ओसरीवर बसावं. बिगबजेट नको, मोठा हिरो नको. कुणाला फारशी अपेक्षा नसलेला एक चित्रपट हवा.

तोवर आमचं आमचं चालू आहे. यंदाची हळद काढणी सुरू झाली. परवा कुकरचा नंबर लागला, तेव्हा काकांनी ड्रमचं झाकण आवळता आवळता आधीच बजावून ठेवलं: "या बारीला ते टोळाचं लाव. अन् जार मोठा आण, मागच्याला दिसंना गेलतं."